बँकेची नोटीस दारात आली तर: गोव्यातल्या घरासाठी कागदांची वाट

बँकेचं पत्र घेऊन पोस्टमन आला की ‘घरी कोण नाही’ म्हणून त्याला परत पाठवू नका. उत्तर गोव्यातल्या एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात माझी अख्खी नोकरी गेली. नोटिसा टाइप करायच्या, पोस्टात टाकायच्या, नाहीच घेतल्या तर दारावर चिकटवायच्या. परत आलेल्या पाकिटामुळे बँकेचं काही अडलं, असं मी कधी पाहिलं नाही. कर्जदार टाळतोय असं दिसलं की नोटीस घराच्या बाहेरच्या दारावर लावायची आणि दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, असं नियमातच लिहिलं आहे. म्हणजे जे पाकीट तुम्ही एकट्याने वाचलं असतं ते अख्खा वाडा सकाळच्या चहाबरोबर वाचतो. पाकीट घ्या, कोणत्या दिवशी हातात आलं ती तारीख त्याच्यावर पेनाने लिहा आणि पाकीटही जपून ठेवा. पुढचे दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात.

घरातला कर्ता माणूस जहाजावर, आखातात किंवा लंडनला असेल तर आणखी सावध राहा. गावच्या पत्त्यावर आलेलं पत्र म्हातारी आई घेते, देव्हाऱ्याजवळ ठेवते आणि मुलगा सुट्टीवर येईपर्यंत ते तिथेच राहतं. त्याला त्याच दिवशी फोटो पाठवा. इथे कोणाला तरी मुखत्यारपत्र द्यावं लागेल. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याच्यावर स्टॅम्प लावून घ्यायचा असतो. हे राहून गेलं की ऐन वेळी वकिलाची धावपळ होते.

आधी बघा, नोटीस कुठल्या कायद्याखाली

बँकांच्या बहुतेक नोटिसा २००२ च्या सरफेसी कायद्याखाली येतात. मथळ्यात ‘कलम १३(२)’ असं असतं. या कायद्यात बँकेला घर ताब्यात घेण्यासाठी आधी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, म्हणून तो लोकांना अंगावर आल्यासारखा वाटतो. सहकारी बँकांनाही तो लागू होतो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते पक्कं केलं, त्यामुळे ‘अर्बन बँक आहे, तिला हा अधिकार नाही’ हा वाद आता संपला. पतसंस्थेची नोटीस मात्र वेगळी. क्रेडिट सोसायटी बँक नव्हे. ती गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ खाली निबंधकाच्या वाटेने जाते आणि तिथल्या मुदती वेगळ्या. फायनान्स कंपनी असेल तर तिची मालमत्ता १०० कोटींच्या वर आणि तुमचं कर्ज २० लाख किंवा जास्त असल्याशिवाय तिला सरफेसी वापरता येत नाही. घरकर्ज देणाऱ्या कंपन्यांचं वेगळं आहे, त्यांच्या बाबतीत ही २० लाखांची आकडेमोड करत बसू नका.

आणखी एक गाळणी आहे. तुमची बाकी मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी उरली असेल तर या कायद्याने घर घेता येत नाही. पंधरा-सोळा वर्षं हप्ते भरून शेवटी अडकलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही.

दिवस असे मोजा

समजा ५ जानेवारीचा हप्ता चुकला आणि त्यानंतर काहीच भरलं गेलं नाही. ९० दिवस उलटले की, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, खातं एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत यादीत. २० एप्रिलला १३(२) ची नोटीस तुमच्या हातात पडली. इथून ६० दिवस: १९ जून. तोवर बँक घराला हात लावू शकत नाही. त्यानंतर, समजा २५ जूनला, बँकेचा अधिकृत अधिकारी ताब्याची नोटीस दारावर लावतो आणि सात दिवसांच्या आत ती दोन वर्तमानपत्रांत छापतो. ही कलम १३(४) ची पायरी. पहिल्यांदा ताबा बहुधा कागदावरचाच असतो, चूल तुमचीच पेटते. पण त्या २५ जूनपासून ४५ दिवस, म्हणजे ९ ऑगस्टपर्यंत, तुम्ही कर्जवसुली न्यायाधिकरणात, लोकांच्या तोंडी डीआरटीत, कलम १७ खाली दाद मागू शकता. गोव्याला स्वतःचं डीआरटी नाही, मुंबई गाठावी लागते. अर्ज ऑनलाइन दाखल होतो, पण वकील मुंबईत हजर राहणारा हवा आणि तो शोधण्यातच आठवडा जातो. म्हणून वकिलाचं काम नोटिशीच्या ६० दिवसांतच उरकून ठेवा.

दारावर नोटीस लावणं म्हणजे काय ते बाहेरून कळत नाही. जुलैच्या पावसात कागद भिजू नये म्हणून आम्ही त्याला प्लास्टिकचं कव्हर घालायचो, चारी बाजूंनी तपकिरी टेप मारायचो आणि दार, घर नंबर, नोटीस तिन्ही दिसतील असा फोटो घ्यायचो. पंच म्हणून सही द्यायला शेजारी कधीच तयार नसत. पंच बँकेतूनच जीपमध्ये बसवून आणावे लागत. चवथीच्या आठवड्यात हे काम कोणालाच नको असायचं. तुमच्या बाजूने यातून एवढंच घ्यायचं: नोटीस लागली की तुम्हीही त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा. पुढे ‘नोटीस लागलीच नव्हती’ किंवा ‘दुसऱ्याच घराला लागली’ हा प्रश्न आला की दोन्ही बाजूंचे फोटो समोरासमोर ठेवले जातात.

६० दिवसांत लेखी उत्तर द्या

मॅनेजरला भेटलो, चहा घेतला, ‘बघतो’ म्हणाला. याला उत्तर म्हणत नाहीत. कलम १३(३अ) खाली तुम्ही लेखी हरकत दिली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह लेखी उत्तर द्यायलाच हवं. हे बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, आणि तेही गोव्याच्याच प्रकरणात: कासावलीच्या किनाऱ्यावरचं पंचतारांकित हॉटेल. मालक ब्लू कोस्ट हॉटेल्स, कर्ज आयएफसीआय या वित्तसंस्थेचं, लिलावात घेणारी आयटीसी, निकाल मार्च २०१८. पण त्याच निकालात कर्जदार हरला. बँकेशी वर्षभर तडजोडीची पत्रं लिहून, वचनं देऊन, शेवटी ‘तुम्ही उत्तर दिलं नाही’ म्हणणं न्यायालयाने ऐकलं नाही. माझ्या मते वसुलीच्या प्रत्येक फायलीत हा निकाल दोन्ही बाजूंनी वाचावा.

हरकतीत काय लिहायचं? तत्त्वज्ञान नको. नोटिशीत दाखवलेली रक्कम कशी काढली त्याचा हिशेब मागा, पूर्ण खातेउतारा मागा. दंडव्याज बघा: रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज बंद करून फक्त दंडशुल्क ठेवलं, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवायचं नाही असं सांगितलं. एप्रिल २०२४ पासूनच्या कर्जांना ते लागू, जुनी कर्जंही जून २०२४ अखेरपर्यंत त्यात आणायची होती. तुमच्या उताऱ्यात त्यानंतरही दंडावर व्याज दिसलं तर ती ओळ लाल पेनाने दाखवा. मिळकतीचं वर्णन तपासा: सर्व्हे नंबर, सब-डिव्हिजन, गाव, चतुःसीमा. सर्व्हे १२/३ ऐवजी १२/२ टाइप झालेलं मी पाहिलं आहे, आणि तो शेजाऱ्याचा पोफळींचा कुळागर निघाला. एकरकमी तडजोड हवी असेल तर आकडा आणि तारीख लिहूनच मागा. बँकेची पोच, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. बँकेने हरकत फेटाळली तरी तेवढ्यावर डीआरटीत जाता येत नाही, ताब्याची पायरी यावी लागते. पण तुमचं पत्र फायलीत लागलेलं असतं.

नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर विकता, भाड्याने देता येत नाही. परवानगी घेऊन मात्र विकता येतं. ज्याला हप्ते झेपणारच नाहीत त्याला मी हेच सांगत आलो: गिऱ्हाईक तुम्हीच शोधा, बँकेला लेखी कळवा, खरेदीदाराचा पैसा सरळ कर्जखात्यात जाऊ दे. लिलावाच्या जाहिरातीत ‘जसं आहे तसं’ लिहिलेलं असतं आणि बोली लावणारा तेवढ्याच हिशेबाने किंमत पाडतो.

‘आमची शेतजमीन आहे’

शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही हे खरं. म्हणून एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या सातबाराच्या, उताऱ्यावर ‘बागायत’ दिसलं की लोक निश्चिंत होतात. गोव्यात अर्ध्या घरांची गोष्ट अशी असते: भाटात, म्हणजे बागायती जमिनीत, घर उभं, बिगरशेती वापराची सनद घेतलेली नाही किंवा घराखालच्या तेवढ्याच तुकड्याची घेतलेली, उताऱ्यावर अजून माड आणि काजू. न्यायालय नुसता उतारा बघत नाही. जमिनीचा वापर खरोखर काय आणि गहाण ठेवताना दोघांनी तिला काय समजून ठेवलं ते बघतं. कासावलीच्या हॉटेलातही हाच मुद्दा मांडला होता आणि तो टिकला नाही. बाजूला खरंच शेत असेल, पीक निघत असेल, तर पिकाचे, खताचे, पाण्याचे कागद जमवा. नसेल तर यावर वेळ घालवू नका.

बायकोची सही

हे गोव्याबाहेरच्या वकिलाला दोनदा समजावून सांगावं लागतं. इथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक, अर्धी तिची अर्धी त्याची, मग कागद कोणाच्याही नावावर असो. म्हणून इथल्या विक्रीच्या डीडवर विकणाऱ्याच्या जोडीदाराचीही सही असते. गहाणाचे कागद पुन्हा काढून बघा: दोघांची सही आहे का? नोटीस दोघांच्या नावे आली आहे का? एकट्या नवऱ्याने व्यवसायासाठी घर गहाण ठेवलं असेल आणि बायकोने कुठेच सही केलेली नसेल, तर वकिलाकडे गेल्यावर हा प्रश्न पहिला काढा, आणि तो घेऊन बायकोने स्वतः पुढे यावं.

वडिलोपार्जित घरात याहून गुंता. आजोबांच्या नावावर घर, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झालेली नाही, एका भावाने ‘वाटणी आमच्यात तोंडी झाली’ म्हणून कर्ज काढलं. अशा वेळी बाकीच्या भावाबहिणींनी स्वतःचा अर्ज करावा. दारावरची नोटीस बघून ‘आमचं कर्ज नाही, आम्हाला काय’ म्हणत बसणाऱ्या बहिणींना शेवटी मामलेदारच बाहेर काढायला येतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्याचा हुकूम घेते, तो घेऊन मामलेदार पोलिसांसह येतो. त्या दिवशी मामलेदाराशी वाद घालून काही उपयोग नसतो, त्याच्या हातात फक्त हुकूम असतो.

भाडेकरू असाल तर गहाणाआधीचा, नोंदणी केलेला भाडेकरार शोधा. तो असेल तर तुम्हालाही डीआरटीत उभं राहता येतं.

लिलावाची जाहिरात छापली की

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. लिलावापूर्वी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणून लोक समजतात की लिलावाच्या सकाळपर्यंत पैसे आणून घर सोडवता येईल. पूर्वी विक्री होईपर्यंत तसा हक्क होता. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होते त्या दिवशी संपतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. दिवाळीला भाऊ दुबईहून पैसे घेऊन येणार, लिलाव त्यानंतर आहे, हा हिशेब चालत नाही. पैसे येणार असतील तर जाहिरातीच्या आधी यायला हवेत. ‘जाहिरात कधी देणार’ हे बँकेला लेखी विचारून ठेवा. उत्तर नाही मिळालं तरी विचारल्याचा कागद राहतो.

लिलावात बाकीपेक्षा जास्त रक्कम आली तर वरचे पैसे तुमचे. ते आपोआप येतील म्हणून वाट बघू नका, लेखी मागा. कमी आली तर उरलेल्या बाकीसाठी बँक मागे लागू शकते, हेही लक्षात असू द्या.

कर्ज पूर्ण भरून मोकळे झालात तर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत. उशीर बँकेचा असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. सेरसाई, म्हणजे गहाणांची केंद्रीय नोंदवही, तिच्यावरची नोंद बँकेने पुसली का ते बघा. गहाणखत सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं असेल तर मुक्तीचं डीडही तिथेच नोंदवून घ्या. एक-चौदावर ‘इतर हक्क’च्या रकान्यात बँकेचं नाव चढलं असेल तर मामलेदाराकडे अर्ज करून उतरवा. मुलीच्या लग्नाच्या वेळी भाट विकायला काढलं आणि रकान्यात मिटलेल्या कर्जाची बँक अजून बसलेली, हे अगदी नेहमीचं.

तुम्ही लिलावातलं घर घेणार असाल तर

आता टेबलाच्या पलीकडून. जाहिरातीतली किंमत बघून हरखू नका, आधी कागद बघा. तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडून एनकम्ब्रन्सचा, म्हणजे बोज्याचा, दाखला काढा, पण त्यावर ‘निल’ आलं म्हणजे सुटलात असं नव्हे. कागद ठेवून केलेलं गहाण त्यात दिसेलच असं नाही. म्हणून सेरसाईवरही शोध घ्या. एक-चौदाचा उतारा काढा, शहरात त्याच्या जागी फॉर्म डी. उतारा मालकी सिद्ध करत नाही, फक्त अंदाज देतो, त्यामुळे त्यामागचं डीड मागा. जुन्या मिळकतीला पोर्तुगीज काळातला दिस्क्रिसांव नंबर, म्हणजे जुन्या जमीन-नोंदणीतला वर्णन क्रमांक, असतो, त्याची नक्कल हाताने लिहिलेल्या पोर्तुगीजमध्ये निघते. ती वाचणारा माणूस आधी शोधून ठेवा. पूर्वीच्या प्रत्येक विक्रीत जोडीदाराची सही, प्रत्येक मृत्यूनंतर इन्व्हेंटरी किंवा वारसाचं डीड, या दोन गोष्टी बोटाने मोजत या.

मग पायाने जा आणि घर बघा. आवारात मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर आहे का? मुंडकाराला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे, लिलावाने तो हलत नाही. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामूहिक संस्थेची, तर नाही ना? शेजाऱ्याला विचारा, पंचायतीत घरपट्टी कोण भरतं ते बघा. बँकेच्या जाहिरातीत यातलं काही लिहिलेलं नसतं आणि नंतर ‘जसं आहे तसं’ म्हणून ती हात झटकते.

बोली लागली की पैशाचं घड्याळ चालू होतं. अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी. उरलेले ७५ टक्के विक्री मंजूर झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तरी एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. चुकलात तर भरलेले पैसे जप्त, म्हणून घरकर्ज हवं असेल तर बोलीआधीच मंजूर करून घ्या. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायचा तुम्हालाच.

सगळे पैसे पोचले की अधिकृत अधिकारी विक्रीचं प्रमाणपत्र देतो. त्यात नावं, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि ‘बोजाविरहित’ की ‘बोजासह’ हे तिथेच उभं राहून वाचा. दुरुस्ती त्याच टेबलावर सोपी असते. मग ते मिळकत ज्या तालुक्यात आहे त्याच सब-रजिस्ट्रारकडे न्यायचं: डिचोलीचं घर म्हापशाला नोंदत नाहीत. नोंदणीसाठी कागद सहीपासून चार महिन्यांत सादर व्हायला हवा. प्रमाणपत्राची नोंदणी सक्तीची की नुसती प्रत दाखल केली तरी पुरे, यावर निकाल आहेत आणि वकील त्यावर दुपार घालवतील. राहण्यासाठी घर घेणाऱ्याने त्यात पडू नये. स्टॅम्प भरा, अधिकृत अधिकाऱ्याला सोबत घ्या, रीतसर नोंदवून टाका. उद्या विकताना किंवा कर्ज काढताना समोरचा नोंदणीचाच नंबर विचारतो. त्यानंतर मामलेदाराकडे म्युटेशन, म्हणजे फेरफार: जुन्या मालकाला नोटीस जाते, तो हरकत घेऊ शकतो, म्हणून लिलावाची जाहिरात, पैसे भरल्याच्या पावत्या आणि ताब्याचा पंचनामा एकाच फायलीत ठेवा.

वीजमीटर आपल्या नावावर करायला गेलात की जुन्या मालकाची थकबाकी पुढ्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे की नियमात तशी तरतूद असेल तर वीजखातं ती लिलावातल्या खरेदीदाराकडून मागू शकतं. मीटरवरचा ग्राहक क्रमांक बोलीआधीच टिपून घ्या, बाकी किती आहे ते वीजखात्यात विचारा आणि तेवढी रक्कम बोलीतून वजा करून मगच आकडा ठरवा. पाण्याचं आणि सोसायटीचंही तसंच.